शूबर्टियाड: एका खोलीतले गाणे, एका गावाची स्मृती

१/
ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, फोरार्लबर्ग प्रांतात, स्वित्झर्लंडच्या सीमेला खेटून होहेनेम्स हे लहानसे शहर आहे. १९७६ मध्ये येथे 'शूबर्टियाड' नावाचा संगीत महोत्सव सुरू झाला. जर्मन कलागीताला वाहिलेल्या महोत्सवांत आज त्याचे स्थान फार वरचे आहे, आणि तेथे प्रथमच गायला मिळणे हा तरुण गायकाच्या आयुष्यातला मोठा टप्पा समजला जातो. या थ्रेडमध्ये या महोत्सवाच्या नावाचा इतिहास पाहू. त्या नावात काय जपले गेले आणि काय गळून पडले, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

२/
आधी संज्ञा. जर्मन भाषेत 'लीट' म्हणजे गीत, अनेकवचन 'लीडर'. लोकगीताहून वेगळे ओळखता यावे म्हणून त्याला 'कुन्स्टलीट', म्हणजे कलागीत, असेही म्हणतात. एखाद्या कवीची स्वतंत्र कविता, तिला संगीतकाराने दिलेली चाल, एक गायक आणि एक पियानोवादक, एवढाच त्याचा संसार. भावगीत ऐकत वाढलेल्या मराठी कानाला कवितेचे हे प्राधान्य ओळखीचे वाटेल. फरक पियानोचा आहे. येथे पियानो साथीपुरता नसतो. कवितेतला वारा, चरख्याची घरघर किंवा घोड्याच्या टापा तो स्वतः बोलून दाखवतो.

३/
या प्रकाराचा आरंभबिंदू म्हणून बहुतेक ग्रंथ एक तारीख देतात: १९ ऑक्टोबर १८१४. त्या दिवशी व्हिएन्नातील सतरा वर्षांच्या फ्रान्झ शूबर्टने गटेच्या 'फाउस्ट'मधील चरख्यावर बसलेल्या ग्रेटखेनचे गीत संगीतबद्ध केले. गीते त्याच्या आधीही लिहिली जात होती. हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हेन यांनीही ती लिहिली. परंतु पियानोचे चक्र आणि मनाची घालमेल यांची अशी एकरूपता नवी होती. १७९७ मध्ये जन्मलेला हा शाळामास्तराचा मुलगा १८२८ मध्ये, वयाच्या ३१व्या वर्षी वारला. तोवर त्याने सहाशेहून अधिक गीते लिहिली होती.

४/
प्रतिष्ठितांनी मात्र त्याला लगेच जवळ केले नाही. १८१६ मध्ये शूबर्टचा मित्र योझेफ फोन श्पाउन याने गटेच्या कवितांवरील गीतांची वही पत्रासह थेट गटेकडे पाठवली. वही परत आली, उत्तर आले नाही. 'एर्लक्योनिश' हे गीत १८१५ मध्ये तयार झाले होते, पण प्रकाशक ते छापण्याचा धोका पत्करीनात. अखेर १८२१ मध्ये मित्रांनी वर्गणी गोळा करून ते छापून घेतले. शूबर्टची 'कृती क्रमांक १' ती हीच. तिच्या आधी त्याची शेकडो गीते हस्तलिखितांतून, हातोहात फिरत होती.

५/
याच १८२१ सालच्या २६ जानेवारीला फ्रान्झ फोन शोबर या मित्राच्या घरी सुमारे चौदा जण जमले. शूबर्टने स्वतः पियानोवर बसून आपली गीते ऐकवली. रात्री दहानंतर पेयपान सुरू झाले आणि काही मंडळी पहाटे तीनपर्यंत उठली नाहीत. उपस्थितांपैकी एकाच्या पत्रामुळे ही हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली. नोंद सापडणारी ही पहिली शूबर्टियाड. शूबर्टच्या चोविसाव्या वाढदिवसाला तेव्हा पाच दिवस बाकी होते. यजमान शोबर चोवीस वर्षांचा होता. म्हणजे ही मुळात पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलांची बैठक होती.

६/
या मंडळात एक वडीलधारा माणूसही होता. योहान मिखाएल फोगल हा राजदरबारी ऑपेराचा नामांकित गायक शूबर्टहून जवळजवळ तीस वर्षांनी मोठा. १८१७ मध्ये मित्रांनी त्याची आणि शूबर्टची गाठ घालून दिली. पुढे ७ मार्च १८२१ रोजी केर्न्टनरटोर नाट्यगृहात फोगलने 'एर्लक्योनिश' जाहीरपणे गायले आणि शूबर्टचे नाव शहरात पसरले. आज ज्येष्ठ गायक तरुणांना शिकवतात. येथे ज्येष्ठ गायक एका तरुणाची गाणी शिकत होता.

७/
आता त्या खोलीबाहेरचे व्हिएन्ना पाहू. १८१५ मध्ये नेपोलियनचा पाडाव झाला आणि ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख युरोपीय राजकारणाचा सूत्रधार बनला. मार्च १८१९ मध्ये कार्ल झांट या विद्यार्थ्याने कोत्झेबू या नाटककाराचा खून केला. त्याचे निमित्त करून त्याच वर्षी 'कार्ल्सबाड आदेश' निघाले. विद्यार्थी संघटनांवर बंदी आली, विद्यापीठांवर देखरेख बसली, छापील शब्द सेन्सॉरच्या हाताखालून जाऊ लागला. चार विद्यार्थी एकत्र बसले तरी संशयाला जागा होती.

८/
हा संशय शूबर्टच्या दारापर्यंत आला. मार्च १८२० मध्ये पोलिसांनी योहान झेन या कवीच्या खोलीवर छापा घातला. त्या वेळी शूबर्ट तेथे हजर होता आणि पोलिसी अहवालात त्याचेही नाव आहे. शूबर्ट थोडक्यात सुटला. झेनला मात्र सुमारे चौदा महिने कोठडीत काढावे लागले आणि त्यानंतर त्याला तिरोलमध्ये हद्दपार करण्यात आले. त्याचे आयुष्य पुन्हा मार्गी लागले नाही. पुढे शूबर्टने झेनच्या दोन कविता संगीतबद्ध केल्या. मित्रासाठी त्याला जे करणे शक्य होते, ते त्याने केले.

९/
भारतीय वाचकाला रस वाटेल अशी एक नोंद याच १८२० सालची. शूबर्टने तेव्हा कालिदासाच्या 'शाकुंतला'वर आधारित ऑपेरा लिहायला घेतला होता. संहिता योहान फिलिप नॉयमान याची होती. ऑपेरा अपुराच राहिला. आराखडे तेवढे उरले. विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरातून शकुंतला जर्मन वाचकांपर्यंत पोहोचली होती आणि गटे तिच्यावर लुब्ध होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे व्हिएन्नातल्या एका तरुणाच्या मेजावर कण्वाश्रम कसा अवतरला, याचे नवल वाटत नाही.

१०/
शूबर्टियाडला गुप्त राजकीय मंडळ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तेथे कट शिजत नव्हते; कविता, नाच, खेळ आणि मद्य होते. पण ज्या शहरात सार्वजनिक बोलण्याला पहारा आहे, तेथे विश्वासातल्या माणसांची खोली हे केवळ करमणुकीचे ठिकाण राहत नाही. कवितेत एकटेपण, भटकंती, हरवलेले घर यांविषयी बोलता येत होते आणि ऐकणाऱ्याला त्यातले आपले दुःख ओळखता येत होते. एवढ्या लहान गीतांत एवढी दाटी का आहे, याचे एक कारण या बंद दारांत सापडते.

११/
तरीही आपल्या डोळ्यांपुढे येणारे चित्र याहून फार सुखद असते. त्याचा मोठा वाटा एका रेखाचित्राकडे जातो. शूबर्टचा मित्र आणि चित्रकार मोरित्झ फोन श्विंट याने १८६८ मध्ये 'श्पाउनच्या घरची शूबर्ट संध्याकाळ' रेखाटली: मधोमध पियानोवर शूबर्ट, शेजारी फोगल, भोवती दाटीने बसलेले स्नेही. श्विंट या बैठकींना खरोखरच जात असे. पण हे चित्र शूबर्टच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, वृद्धत्वाकडे झुकलेल्या माणसाने आठवणीतून काढले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते १८२६चा पुरावा म्हणून वाचण्याआधी १८६८च्या हळहळीचा पुरावा म्हणून वाचावे.

१२/
खोलीचे दार सर्वांना सारखे उघडत नव्हते. बर्लिनमधील फान्नी हेन्सेल (१८०५–१८४७) हिने सुमारे अडीचशे गीते लिहिली. घरच्या मैफलींत ती वाजवी आणि गाववी. आपल्या नावाने छापणे मात्र घराण्याला रुचत नव्हते. तिची काही गीते भाऊ फेलिक्स मेंडेल्सोन याच्या नावाखाली प्रसिद्ध झाली. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर त्याचे म्हणून आवडीने जे गीत गायले, ते बहिणीचे असल्याची कबुली त्याला द्यावी लागली. फान्नीने स्वतःच्या नावाने प्रकाशन सुरू केले ते १८४६ मध्ये. पुढच्याच वर्षी ती वारली.

१३/
आता एका कवीकडे वळू. डेसाउचा विल्हेल्म म्युलर हा ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा कैवारी. ग्रीकांच्या बाजूने त्याने इतके लिहिले की त्याला 'ग्रीक म्युलर' म्हणत. त्याच्या कवितांवरून शूबर्टने दोन गीतमाला रचल्या: १८२३ मधील 'सुंदर गिरणीवाली' ही वीस गीतांची, आणि १८२७ मधील 'हिवाळी प्रवास' ही चोवीस गीतांची. कवी आणि संगीतकार एकमेकांना कधी भेटले नाहीत. 'हिवाळी प्रवास' पूर्ण होत होता त्याच शरदात म्युलर वारला. तेव्हा त्याचा मुलगा चार वर्षांचाही नव्हता.

१४/
त्या मुलाचे नाव फ्रीडरिश मॅक्स म्युलर. ऋग्वेदाची सायणभाष्यासह आवृत्ती काढणारा, ऑक्सफर्डचा संस्कृतपंडित. मुंबई आणि पुण्यातील मॅक्स म्युलर भवन त्याच्याच नावाचे. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी झालेल्या अर्जावर मॅक्स म्युलरची सही होती. १८९८ मध्ये टिळक मुदतीपूर्वी सुटले. वडिलांनी सेन्सॉरच्या काळात परक्या देशाच्या स्वातंत्र्याची गाणी लिहिली, मुलाने वृत्तपत्रीय लेखनासाठी तुरुंगात गेलेल्या संपादकाची रदबदली केली. दोन घटनांत कार्यकारण जोडण्याचा मोह टाळू या; पण एकाच घराण्यातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

१५/
२६ मार्च १८२८ रोजी, बेथोव्हेनच्या पहिल्या पुण्यतिथीला, शूबर्टने केवळ स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम केला. सभागृह भरले होते. पण तीनच दिवसांनी पागानिनीने व्हिएन्नातली आपली पहिली मैफल केली आणि शहराला दुसरे काही सुचेनासे झाले. त्या वर्षी १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला. असा दुसरा कार्यक्रम त्याच्या आयुष्यात झालाच नाही. याचा अर्थ असा की ज्या गीतांसाठी आज जगभरचे श्रोते तिकिटे काढतात, ती त्याच्या हयातीत मुख्यतः दिवाणखान्यांत ऐकली गेली.

१६/
गीत खोलीतून रंगमंचावर आले ते पुढच्या पिढीत. १८५६ मध्ये युलिउस श्टॉकहाउझेन या गायकाने व्हिएन्नात 'सुंदर गिरणीवाली' संपूर्ण, सलग, जाहीरपणे गायली. तोवर गीतमालेतून दोनचार गीते उचलून गाण्याचीच चाल होती. एक गायक, एक पियानो आणि पूर्ण संध्याकाळ हा 'लीडरआबेंड' नावाचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. आजच्या महोत्सवांचा आराखडा तेथून येतो. शूबर्टियाडचे नाव १८२१चे असले, तरी तिचे रूप श्टॉकहाउझेनच्या काळाचे आहे.

१७/
आता होहेनेम्स. १९७६ मध्ये येथे शूबर्ट आला तो बाहेरून आला, असे वाटेल. पण या गावाचा शूबर्टशी थेट धागा आहे. १८०४ मध्ये येथील यहुदी वस्तीत सालोमोन झुल्त्सर जन्मला. १८२६ मध्ये तो व्हिएन्नाच्या नव्या सिनेगॉगचा प्रमुख प्रार्थनागायक झाला. त्याचा आवाज ऐकायला ख्रिस्ती संगीतकारही जात. जुलै १८२८ मध्ये, मृत्यूच्या चार महिने आधी, शूबर्टने झुल्त्सरसाठी ९२वे स्तोत्र मूळ हिब्रू शब्दांवर रचले. जर्मन गीताचा हा महान रचनाकार एका होहेनेम्सकरासाठी हिब्रू उच्चारांचा तोल सांभाळत होता.

१८/
होहेनेम्समधील यहुदी वसाहत १६१७ च्या संरक्षणपत्राने सुरू झाली. काउंट कास्परला व्यापार वाढवायचा होता. अठराव्या शतकात सिनेगॉग उभे राहिले. १८६० च्या दशकात यहुद्यांना कोठेही राहण्याची मोकळीक मिळाली, तशी अनेक कुटुंबे मोठ्या शहरांकडे गेली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हा थोडेच लोक उरले होते. १९४० मध्ये समुदाय बळाने संपुष्टात आणला गेला. तीन शतकांहून अधिक काळची वस्ती अशी मिटली.

१९/
त्याच सुमारास हे गाव पळवाट झाले होते. होहेनेम्ससमोर जुन्या ऱ्हाइनच्या पात्रापलीकडे स्वित्झर्लंडचे डीपोल्ट्साउ आहे. ऑगस्ट १९३८ मध्ये स्वित्झर्लंडने सीमा बंद केली, तरी सांक्ट गालेनचा पोलिसप्रमुख पाउल ग्र्युनिंगर याने कागदपत्रांत फेरफार करून शेकडो निर्वासितांना आत घेतले. १९३९ मध्ये त्याला नोकरीवरून काढले. होहेनेम्सचे सिनेगॉग युद्धानंतर, १९५० च्या दशकात, अग्निशमन दलाचे ठाणे बनले. ही गोष्ट पुन्हा वाचा: ते ठाणे नाझींनी नव्हे, शांततेच्या काळातील गावाने केले.

२०/
गीतगायनही या काळातून निष्कलंक आले नाही. दीट्रिश फिशर-डीस्काउ याने जानेवारी १९४३ मध्ये, सतराव्या वर्षी, बर्लिनमध्ये 'हिवाळी प्रवास' गायला घेतला, तेव्हा हवाई हल्ल्यामुळे कार्यक्रम मध्येच थांबला. त्याच्या अपंग भावाचा नाझी राजवटीत एका संस्थेत मृत्यू झाला. पुढे तो सैन्यात भरती झाला, इटलीत युद्धकैदी झाला, आणि कैद्यांच्या छावणीत गीते गायला. दुसरीकडे एलिझाबेथ श्वार्त्सकोफ ही थोर गायिका १९४० मध्ये नाझी पक्षाची सदस्य झाली होती. युद्धोत्तर काळातला या गीतांचा 'आदर्श' आवाज आपण ज्यांच्याकडून शिकलो, त्यांची चरित्रे अशी वेगवेगळ्या वाटांनी आली आहेत.

२१/
१९७६ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेला बॅरिटोन हेर्मान प्राय याने गेर्ड नाखबाउअर यांच्यासह होहेनेम्सच्या राजवाड्यात शूबर्टियाड सुरू केली. शूबर्टच्या साऱ्या कृती रचनाक्रमाने सादर करायच्या, असे प्रायचे स्वप्न होते. काही वर्षांनी प्राय बाजूला झाला, महोत्सव मात्र टिकला. मधल्या काळात तो फेल्डकिर्खलाही गेला. आज होहेनेम्स आणि डोंगरातले श्वार्झेनबर्ग हे गाव अशा दोन ठिकाणी भरतो. श्वार्झेनबर्गच्या लाकडी सभागृहाला चित्रकर्ती आंगेलिका काउफमान हिचे नाव आहे. सभागृहे मुद्दाम लहान आहेत: गीत ऐकायला गायकाचा चेहरा दिसावा लागतो.

२२/
तरुण गायकांचे काय? ऑपेरात वेशभूषा, वाद्यवृंद आणि सहकलाकार असतात. येथे गायक उघडा असतो. एक शब्द निसटला तरी लपायला जागा नाही. म्हणून अशा महोत्सवांनी मैफलींबरोबर शिकवण्याचीही व्यवस्था केली. कार्यशाळेत ज्येष्ठ कलाकार श्रोत्यांसमक्ष शिकवतो. गायक आणि पियानोवादक यांना जोडीने तयार केले जाते, कारण हे दोघांचे काम आहे. ऑक्सफर्डमध्ये पियानोवादक शोल्टो किनोक यांनी २००२ मध्ये असाच महोत्सव सुरू केला. २०१४ मध्ये तेथे तीन आठवड्यांत शूबर्टची सर्व गीते सादर झाली. विल्हेल्म म्युलरच्या मुलाने ज्या शहरात हयात घालवली, त्याच शहरात वडिलांच्या कविता अशा पोहोचल्या.

२३/
होहेनेम्सनेही आपली स्मृती हळूहळू दुरुस्त केली. १९९१ मध्ये तेथे यहुदी संग्रहालय उघडले. अग्निशमन दलाने वापरलेल्या सिनेगॉगचे नूतनीकरण होऊन २००४ पासून ते सालोमोन झुल्त्सर सभागृह म्हणून ओळखले जाते. याच गावात महोत्सवाने उभारलेले श्वार्त्सकोफ संग्रहालयही आहे. थोड्याच पावलांच्या अंतरावर दोन गायकांची नावे: एकाच्या समाजाला गावातून पुसले गेले, दुसरी ते पुसणाऱ्या पक्षाची सदस्य होती. दोघांच्याही गळ्यातून शूबर्ट गायला गेला. यातले कोणतेही एक नाव झाकले तर गोष्ट सोपी होईल, आणि खोटी.

२४/
म्हणून निष्कर्ष. महोत्सव भूतकाळातली एक खोली निवडतो आणि तिला आपले नाव देतो. त्या निवडीत श्विंटच्या चित्रातला उबदार प्रकाश सहज येतो. झेनची कोठडी, फान्नीचे न छापलेले नाव, झुल्त्सरचे गाव आपोआप येत नाहीत. ती कोणीतरी शोधून आणावी लागतात. होहेनेम्समध्ये पंचविशीतला गायक गाण्यासाठी उभा राहतो, तेव्हा तो शूबर्टच्याच वयाचा असतो आणि त्याच्या वाट्याला हे सारे येते. सूर त्याला गुरू देतील. संदर्भ देणे हे आपल्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे.

२५/
ऐकायला सुरुवात करायची असेल तर 'एर्लक्योनिश'पासून करा. चार मिनिटांच्या आसपासचे गीत आहे. कवितेचा अर्थ आधी वाचून घ्या. नंतर ९२वे स्तोत्र ऐका. आणि तुमच्या गावात, तुमच्या परिचयाच्या एखाद्या संगीतोत्सवाच्या नावामागे कोणती खोली आहे, तिथे कोण बसत असे आणि कोणाला दार उघडत नसे, हे जरूर शोधा. सापडले तर खाली लिहा. पुढचा थ्रेड त्यातूनच निघेल.